काय जपायचं, काय फेकायचं



एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. त्या एकमेकींना इतक्या चिकटल्या की हा लेख लिहिल्याशिवाय सुटका नाही.

पहिली गोष्ट. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतली एक खोली रिकामी होत होती. पुनर्विकास आला, माणसं टॉवरमध्ये चालली. त्या खोलीत आमचे तात्या राहायचे. नाव सांगून उपयोग नाही, कारण ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. तात्या जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती. तीत पँथरच्या काळातली पत्रकं, जयंतीची पावतीबुकं, सायक्लोस्टाईल अंक, गावोगावच्या कार्यकर्त्यांची पत्रं. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीनंतर जो मोर्चा निघाला, ज्यात भागवत जाधव गेला, त्या दिवसांतली काही पत्रकंही होती. मी स्वतः पाहिली होती. म्हटलं आता खोली जाणार, पेटी मागून आणू. गेलो तर सून म्हणाली, "दादा, दोन दिवस आधी यायचं ना. भंगारवाला आला होता. पेटी खालून सडली होती. कागद किलोवर गेले. नव्या घरी कुठं ठेवणार होतो आम्ही?"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या एवढ्याशा खोलीत तिनं तीन पोरं वाढवली आणि म्हाताऱ्याचं दुखणं काढलं. तीन वर्षं ती पेटी तिनं सांभाळली. त्या तीन वर्षांत आपल्यापैकी एकजणही तिकडं फिरकला नाही. मीही नाही.

दुसरी गोष्ट. त्याच आठवड्यात नव्या पोरापोरींच्या कवितांचा एक गठ्ठा माझ्याकडं आला होता. वाचून अभिप्राय द्या म्हणून. वाचायला बसलो. एका कवितेत आजीची गोधडी. दुसऱ्या कवितेत आजोबांचा पितळी तांब्या. तिसऱ्यात बापाचं बंद पडलेलं घड्याळ. चौथ्यात तर चक्क पत्र्याची पेटी! आणि सगळ्यांची तक्रार एकच : जग आता वापरा-आणि-फेका झालंय, वस्तू टिकत नाहीत, नाती टिकत नाहीत, पूर्वी कसं सगळं जपून ठेवायचे.

मी गठ्ठा खाली ठेवला. कवितेत पेटी जपली जातेय आणि चाळीत पेटी रद्दीत जातेय. ही कसली जपणूक? हा प्रश्न त्या पोरांना विचारण्याआधी मला स्वतःला विचारायचा आहे, आणि आपल्या साहित्यालाही.

आधी त्या तक्रारीचं बघू. 'पूर्वी सगळं जपून ठेवायचे.' कोण ठेवायचे? जपून ठेवायला आधी मालकीची वस्तू लागते, वस्तू ठेवायला माळा लागतो, माळ्याला घर लागतं. मराठी साहित्यात पैठण्या आहेत, चंदनाच्या पेट्या आहेत, अत्तरदाण्या आहेत, तांब्यापितळेची भांडी आहेत. त्यांचा वास घेत घेत पांढरपेशा लेखकांच्या दोन-तीन पिढ्या हळव्या झाल्या. त्याबद्दल माझा राग नाही. ज्याच्या घरी जे होतं त्यानं ते लिहिलं. पण आपल्या पोरांनी तेच सूर उचलून आपल्या गोधडीवर चढवावेत, ह्याचा राग आहे. वस्तू आपली, भावना उसनी. असं लेखन प्रामाणिक दिसतं आणि नसतं.

वापरा-आणि-फेका ही गोष्टसुद्धा आजची नाही. ती आपल्यासाठी तर शास्त्रात लिहून ठेवली होती. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. चांडाळानं कोणतं कापड नेसावं, तर मढ्यावरचं. जेवावं कशात, तर फुटक्या भांड्यात. दागिने कसले, तर लोखंडाचे. म्हणजे एकानं वापरून फेकायचं आणि दुसऱ्यानं ते अंगाला लावून जगायचं, ही व्यवस्थाच होती. आज लोक प्लॅस्टिकच्या पेल्याकडं बघून हळहळतात. आपल्या पूर्वजांचं सगळं जगणंच फेकलेल्या वस्तूंवर उभं केलेलं होतं. आणि वस्तूच फक्त फेकलेल्या नव्हत्या, माणसंही गावाबाहेर फेकलेली होती.

शहरात आल्यावर तरी काय बदललं? दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्यातला कावाखाना आठवा. तिथल्या बाया मुंबईच्या रस्त्यांवरून चिंध्या, कागद, काचा, बाटल्या, लोखंडाचे तुकडे गोळा करायच्या. ते निवडायचं आणि विकायचं. शहर जे फेकतं त्याची भाकरी करायची. आता कुणी मला सांगावं, ह्या बायांनी 'आठवण' म्हणून काय जपून ठेवावं? त्यांच्या हातात अख्ख्या मुंबईच्या वस्तू येत होत्या, पण त्यातली एकही त्यांची नव्हती. 'बलुतं' वाचताना पांढरपेशा वाचक हादरला तो गरिबीमुळं, असं समजलं जातं. मला वाटतं, आठवणी सांगायला एकही सुबक वस्तू लागत नाही, हे बघूनही तो हादरला असावा. दया पवारांनी तिथं हळवेपणाला जागाच ठेवली नाही. आजच्या कवींनी हे शिकायला पाहिजे होतं.

आता साडीकडं येऊ. आईची साडी ही मराठी आठवणींमधली सगळ्यांत लाडकी वस्तू. तिचा मऊपणा, तिचा काठ, तिची ऊब. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्यात साडी येते ती कशी? काठाची साडी मिरवणं हा वरच्या जातींच्या बायांचा मान. महाराच्या बाईनं निऱ्या अशा घालायच्या की काठ आत दडून राहील, दिसता कामा नये. पैसे देऊन घेतलेल्या साडीचा काठसुद्धा तिचा नव्हता! तीच वस्तू, तेच कापड. एका घरात त्याची घडी कपाटात जाते आणि नातवंडं तिचा वास घेतात. दुसऱ्या घरात त्याच कापडात जात लपलेली असते. बेबीताई हे सांगताना गळा काढत नाहीत. साडी कशी नेसायची एवढं सांगतात आणि पुढं जातात. वाचणाऱ्याला मात्र पुढं जाता येत नाही. समीक्षेच्या भाषेत बोलायचं तर ही वस्तू तिथं प्रतीक म्हणून आणलेली नाही, पुरावा म्हणून आणलेली आहे.

आणि ह्याच साडीचा पुढचा अध्याय महाडला घडला. डिसेंबर १९२७. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, हे आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायांशी बोलले हे आपण कमी सांगतो. त्यांनी सांगितलं, अस्पृश्यपणाची खूण पटवणारे ते जाडजूड दागिने टाका, लुगडं वरच्या वर्गातल्या बायांसारखं नेसा. बायांनी ते ऐकलं. नेसण्याची तऱ्हा बदलली, दागिने उतरवले. आता विचार करा. ते दागिने कुणी दिले होते? आईनं, आजीनं, सासूनं. त्या अर्थानं तो पिढ्यांचा ठेवाच होता. कुणा बाईच्या मेलेल्या आईची एवढीच काय ती आठवण असेल. तरी तिनं ती उतरवली. ते सोपं गेलं असेल? आपल्या कवितेत त्या क्षणावर किती ओळी आहेत? गोधडीवर ढीगभर आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर पुन्हा तेच. घरोघरचे देव नदीत, विहिरीत सोडले. देव्हाऱ्यातले ते टाक पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले होते, आजोबा-पणजोबांच्या हातांनी झिजलेले होते. म्हाताऱ्या माणसांचा हात थरथरला असेल, पण सोडले. म्हणजे फेकणं ही आपल्यासाठी नुसती बेफिकिरी नाही. आपण विचार करून फेकलं आहे, रडत रडत फेकलं आहे, आणि त्यातून माणूस म्हणून उभे राहिलो आहोत. म्हणून 'पूर्वीचं ते सगळं जपा' ही हाक आपल्या दारात कुणी दिली तर सावध व्हायचं. पूर्वीचं म्हणजे काय काय? येसकराची काठी जपायची? तराळकीची घोंगडी भिंतीवर टांगायची?

इथं कुणी म्हणेल, मग आपण काहीच जपलं नाही का? जपलं. पण जपण्याची आपली रीत वेगळी होती, आणि ती आपल्याच समीक्षेनं नीट पाहिली नाही. दोनतीन उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. शाळकरी भीमरावाला पुस्तकं पाहिजेत आणि सुभेदार रामजींकडं पैसे नाहीत. ते लग्न झालेल्या लेकींकडं जायचे, त्यांचा दागिना मागून आणायचे, सावकाराकडं ठेवायचे, पुस्तक आणायचे, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत करायचे. दागिना हा बाईचा ठेवा. तो पेटीत राहिला असता तर नुसता दागिना राहिला असता. तो सावकाराच्या घरी जाऊन आला आणि त्याचं पुस्तक झालं. त्या बहिणींनी दर वेळी तो काढून दिला. बहीण-भावाचं नातं म्हणजे काय, हे सांगायला ह्याहून मोठी वस्तू मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण त्याच घरातलं. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमरावाच्या कौतुकाच्या सभेत आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. एका मास्तरानं एका हुशार पोराला दिलेली आठवण. सभेत हारतुरे मिळतात, ते दुसऱ्या दिवशी सुकतात. हे पुस्तक वाचलं गेलं. त्या पोरानं पुढं नागपूरला लाखो माणसांना बुद्धाच्या वाटेला लावलं आणि 'बुद्ध अँड हिज धम्म' लिहिला, जो त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये छापून आला. भेटवस्तू टिकली म्हणजे काय, तर तिनं माणसाकडून काम करून घेतलं. नुसती काचेच्या कपाटात राहिली असती तर तिची धूळ पुसत बसलो असतो.

तिसरं उदाहरण साहित्यातलं. अण्णा भाऊ साठ्यांनी 'फकिरा' १९५९ साली बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लेखणी ही वस्तू. पण अण्णा भाऊंनी तिचा फोटो लावला नाही, तिला हार घातला नाही. तिच्यासमोर आपली कादंबरी ठेवली. म्हणजे लेखणीचं ऋण लेखणीनं फेडलं.

आणि चौथं उदाहरण, ज्याच्यावर खरं तर सगळा लेख लिहायला पाहिजे : उर्मिला पवारांचं 'आयदान', २००३. वडील गेले. आईनं बांबूची आयदानं विणून घर चालवलं, पोरं शिकवली. ती आयदानं गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला लहान उर्मिला जायची. तिला बाहेर उभं करायचे, आयदानावर पाणी शिंपडून ते शुद्ध करून घ्यायचे आणि पैसे वरून हातावर टाकायचे. ह्या पुस्तकात आयदान ही नुसती आठवणीची वस्तू असती तर दोन पानांत भागलं असतं. पण लेखिका काय करते? आईच्या विणीचं आणि आपल्या लिहिण्याचं आतून नातं आहे असं ती म्हणते, आणि पुस्तक तसं रचते. एक काडी घ्यायची, दुसरीखालून काढायची. गाव, सासर, नोकरी, चळवळ, बायांच्या बैठका, सगळं एकमेकांत घातलेलं. आईनं विणलेली टोपली सुपलीसकट विकली गेली. ती घरात राहूच शकत नव्हती, कारण विकली तरच चूल पेटायची. उरली ती वीण. आई जे विकत होती ते लेकीकडं राहिलं नाही, आई जे करत होती ते राहिलं.

आता गठ्ठ्यातल्या कवितांकडं परत जाऊ. आजीची गोधडी आहे, पण त्या गोधडीत कुणाकुणाच्या चिंध्या आहेत ते कवीला माहीत नाही. आजी गोधडी कुणाची शिवायची? स्वतःची की पाटलाच्या घरची? मजुरी मिळायची का? शिवताना काय गाणं म्हणायची? आजोबांचा तांब्या पितळी आहे. तो कुठून आला? गिरणीच्या बोनसमधून? का गावकीचं काम सोडलं त्या वर्षी पहिल्यांदा घेतला? ह्यातलं काही न सांगता कवी डोळे भरून आणतो. वस्तूला इतिहास नाही, तिला घाम नाही, तिला फक्त वास आहे. दोस्तांनो, मी अशी कविता परत पाठवणार. वाईट आहे म्हणून नव्हे, अर्धी आहे म्हणून. आजीला विचारून या. आजी नसेल तर तिच्या बरोबरीच्या बाईला विचारून या. मग लिहा.

अशा लेखनाला मी तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू कुणाच्या हाताची आणि घरात आली कशी? ही जपताना किंवा टाकताना कुणाला काय सोसावं लागलं? आणि आज ती तुला कुणाशी बांधते? तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. कारण बऱ्याच कवितांत वस्तू कवीला स्वतःशीच बांधते. कवी स्वतःच्या हळवेपणावर खूष होतो आणि कविता संपते. आजी तिथंच गोधडीखाली राहते.

आपण सत्तरच्या दशकापासून 'बांधिलकी' हा शब्द वापरत आलो. परिसंवाद झाले, भांडणं झाली, लेखकाची बांधिलकी कुणाशी यावर रात्री जागवल्या. पण त्या शब्दात 'बांधणं' आहे हे विसरलो. बांधिलकी आपण विचाराशी ठेवली, घोषणेशी ठेवली, गटाशी ठेवली. माणसाशी कमी ठेवली. गट फुटले तशी माणसं टाकली. काल ज्याच्या ताटात जेवलो त्याला आज गद्दार म्हटलं. मोर्चाच्या दिवशी जिनं शंभर माणसांच्या भाकरी थापल्या तिचं नाव पत्रकावर घातलं नाही. शाहिराचा गळा होता तोवर त्याला स्टेजवर चढवला, गळा बसला तसा त्याचा पत्ता हरवला. वापरा आणि फेका! हे बाजारानं आपल्याला शिकवलं म्हणून बाजाराला शिव्या देऊ. पण शिकलो आपण, हेही लिहून ठेवू.

ज्यांनी असं केलं नाही अशी माणसंही आपल्यात आहेत, म्हणून तर चळवळीचा इतिहास शिल्लक आहे. चांगदेव खैरमोड्यांनी आयुष्यभर बाबासाहेबांची कागदपत्रं जमवली. चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला. १९७१ मध्ये ते गेले. पुढचे बरेच खंड त्यांच्या माघारी आले, आणि त्यामागं द्वारकाबाई खैरमोडे यांची खटपट होती. कागदांचे गठ्ठे घरात घेऊन एक बाई वर्षानुवर्षं राहते, प्रकाशकांच्या मागं लागते. त्या गठ्ठ्यांना तिनं रद्दी म्हटलं असतं तर आज आपण कुठलं चरित्र उघडून तारखा शोधल्या असत्या?

बेबीताईंचं तर आणखी वेगळं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला जुनी वर्तमानपत्रं यायची, ती त्या वाचायच्या. लोकांच्या लेखी तो टाकाऊ कागद. आणि स्वतः लिहिलेल्या वह्या नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. 'जिणं आमुचं' असं लपत लपत जगलं. त्या वह्यांना वास आहे का, त्या जुन्या पिवळ्या दिसतात का, हे कुणी विचारत नाही. त्यांनी एका अख्ख्या समाजाचं जगणं वाचवलं, एवढं पुरे आहे.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघींनी चळवळीतल्या बायांना शोधत, त्यांच्या घरी जात, बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ साली काढलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकारानं खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जातं गेलं, गिरणी आली. जातं फेकल्याचं दुःख करायचं कारण नाही, त्यानं बायांची कंबर मोडली होती. ओवी राहिली, कारण एकीनं दुसरीला सांगितली आणि तिसरीनं जवळ बसून ऐकली, उतरवली. ऐकायला बसणं, हीच ती जपणूक.

आणि जिथं आपण बसलो नाही तिथं काय झालं? २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ह्या पत्रांचा इतिहास ज्या वास्तूशी जोडलेला, ती वास्तू एका रात्रीत ढिगारा झाली. मग आपण हजारोंनी रस्त्यावर आलो, यायलाच पाहिजे होतं. पण प्रामाणिकपणे सांगा, त्याच्या आधीच्या दहा वर्षांत आपल्यापैकी किती जण त्या छापखान्यात डोकावले होते? यंत्र कोणतं होतं, कुणी चालवलं, खिळे जुळवणारे कोण होते, ह्याची एक वही तरी आपण केली होती का? ढिगाऱ्यापुढं उभं राहून रडणं आणि पेटी रद्दीत गेल्यावर लेख लिहिणं, दोन्ही एकाच जातीचं. हा लेखही त्याच पापातला आहे, मान्य.

आता बघा. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. शिवाजी पार्कात पुस्तकांचे ठेले लागतात. पोटाला चिमटा घेऊन आलेला माणूस पिशवीभर पुस्तकं घेऊन गावी जातो. ही जगात कुठं न दिसणारी गोष्ट आहे, आणि तिच्यावर आपला विश्वास आहे. पण त्याच दिवशी आपण फ्लेक्स लावतो, त्यावर बाबासाहेबांपेक्षा आपले फोटो मोठे, आणि आठ दिवसांनी तोच फ्लेक्स कुणाच्या तरी झोपडीवर ताडपत्री म्हणून जातो. झोपडीला निवारा मिळतो हे त्यातलं त्यात बरं. मोबाईलवर शंभर 'जय भीम' येतात, जागा भरली की शंभरच्या शंभर पुसून टाकतो. पाठवणाराही ते वाचत नाही, घेणाराही वाचत नाही. आणि वस्तीतल्या म्हाताऱ्याला, जो दीक्षाभूमीवर १९५६ साली बापाच्या खांद्यावर बसून गेला होता, त्याला विचारायला आपल्याकडं अर्धा तास नाही.

म्हणून कार्यकर्त्या पोरापोरींना माझं सांगणं कवितेपुरतं नाही. तुमच्या वस्तीत एक तरी पेटी आहे. खाटेखाली, माळ्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये. खोली पडायच्या आधी, म्हातारं जायच्या आधी, त्या घरी जा. पेटी मागू नका, आधी बसा. चहा घ्या. घरातल्या बाईला विचारा, कारण कागद बाप्यानं जमवले असले तरी सांभाळले तिनं. फोटो घ्यायचा तर सांगून घ्या, कोण, कधी, कुठं ते मागच्या बाजूला लिहून ठेवा. कागद उचलून नेला तर परत द्या. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतोय.

कारण तात्यांच्या पेटीतला एक अंक माझ्याकडं आहे. सोळा पानांचा, सायक्लोस्टाईल, कडेला शाईचा डाग. 'वाचून देतो' म्हणून नेला होता, त्याला पंधरा वर्षं झाली. तात्यांनी दोनदा मागितला. मी दोनदा 'आणतो' म्हटलं. तो परत दिला असता तर बाकीच्यांबरोबर रद्दीत गेला असता. दिला नाही म्हणून वाचला. ह्यात माझी काही फुशारकी नाही. मी तो जपला नव्हता, विसरलो होतो. पुस्तकांच्या ढिगात सापडला.

परवा तो घेऊन नव्या इमारतीत गेलो. सून कामावर होती. तात्यांची नात घरी होती, बारावीला आहे. अंक तिच्या हातात दिला. तिनं सगळी पानं उलटली. मुखपृष्ठ पाहिलं, संपादक पाहिले, कवींची नावं वाचली. मग म्हणाली, "काका, ह्यात आजोबांचं नाव कुठंय?"

नाव नव्हतंच. तात्यांनी कविता लिहिली नव्हती, संपादनही केलं नव्हतं. गिरणीची पाळी संपवून ते रात्री यायचे आणि मशीनचं हँडल फिरवायचे. स्टेन्सिल फाटू नये म्हणून हात कसा हलका ठेवायचा ते त्यांनाच जमायचं. शाई पुसायला घरून जुनं धोतर आणायचे. प्रत्येक प्रत त्यांच्या हातून निघाली आणि एकाही प्रतीवर त्यांचं नाव नाही. हे सगळं मी तिला सांगितलं. कडेचा डाग दाखवला. म्हटलं, हा त्यांच्याच बोटाचा असणार.

तिनं पेन्सिल आणली. शेवटच्या पानावर, जिथं मुद्रकाचं नाव घालतात, त्या खाली बारीक अक्षरात आजोबांचं नाव लिहिलं. मग मला विचारलं, "मशीन कसं चालायचं ते नीट सांगा, मी वहीत उतरवून घेते."

दोन तास बसलो. पुढच्या रविवारी परत बोलावलंय.

जय भीम.